सोंडबेटावरचा ओला रंग

आमच्या घरात प्रत्येकाला काही ना काही उत्तम येतं. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गणपतीचे डोळे आखता येतात. धाकट्या भावाला साचा भरता येतो. आईला एका जिताडा माशाच्या कालवणात सगळ्या पाहुणेमंडळीला जेवू घालता येतं, आणि कुणी किती खाल्लं ते वर्षभर लक्षात ठेवता येतं. मला धाटावच्या कंपनीत शिफ्टला वेळेवर पोचता येतं. यावरून घरातलं माझं स्थान कळावं.

मी रोह्याला राहतो. गाव पेणच्या पुढे, हमरापूरच्या बाजूला, खाडीकाठी. सुट्टी मिळाली की मोटारसायकल काढायची, नागोठण्याला चहा घ्यायचा आणि गावी कारखान्यात जाऊन मदत केल्यासारखं करायचं. कारखाना म्हणजे आमची मूर्ती घडवायची शेड. तिथे माझ्या हातात पॉलिश पेपर देतात. पन्नाशी जवळ आली तरी अजून पॉलिश पेपरच. कधीमधी डोळे काढायला मिळतात, पण टेबलावर ठेवायच्या छोट्या मूर्तींचे, आणि तेही किंचित तिरळे येतात. दादा म्हणतात, "तुझा गणपती एका डोळ्यानं भक्ताकडं बघतो, दुसऱ्यानं मोदकाकडं."

गावाच्या बांधावर उभं राहिलं की समोर खाडीत एक बेट होतं. वस्ती नाही, घर नाही, थोडी तिवरं आणि बगळे. मधे उंचवटा, आणि त्याच्यातून निघालेली एक लांब निमुळती पट्टी, आधी सरळ जाऊन मग टोकाला आत वळलेली. दुसऱ्या कुणाला ती विळ्यासारखी वाटली असती. आम्ही मूर्तीवाले, आम्हाला सोंड दिसली. सोंडबेट. आमच्या बांधावरून बघितलं तर सोंड डावीकडं वळलेली, म्हणजे शांत, घरगुती, कुणालाही चालणारी. समोरच्या काठावरून तीच उजवी. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळंओवळं फार. त्यामुळे पलीकडच्या गावात कुणाचं लग्न मोडलं, कुणाची म्हैस मेली, की आमचे लोक मान हलवायचे, "त्यांना उजवी दिसते ना! भोगा." पलीकडचे आमच्याबद्दल काय म्हणत असतील ते ऐकायला आम्ही कधी गेलो नाही.

बेट जुनं होतं. किती, ते कुणाला ठाऊक नव्हतं. पूर्ण ओहोटी झाली की चिखलातून घडीव दगडाच्या पायऱ्या वर यायच्या. त्या कुठूनच सुरू होत नव्हत्या आणि कुठेच पोचत नव्हत्या. उंचवट्यावर कमरेएवढे दोन दगड उभे होते. एकावर होड्या कोरलेल्या, त्यात वल्ही मारणारी माणसं, आणि खाली आडवा पडलेला एक वीर. दुसरा दगड म्हणजे आमची बाय, गावची राखणदेवी. तिला कधीकाळी नाकडोळे असतील. आम्ही बघितली ती भाकरीसारखी सपाट झालेली. आणि काठाला एक भोक पाडलेला दगड होता, होडीचं दावं अडकवायला. त्या भोकाची कड दाव्यांनी घासून इतकी गुळगुळीत झाली होती की बोट फिरवत बसावंसं वाटे. दावं बांधताना दादा दरवेळी म्हणायचे, "आपली काय ही पयली होडी नाय."

शिमगा झाला की दादा आम्हाला होडीतून तिथे न्यायचे, बायला राखण द्यायला. एक साडी, भाताचा गोळा, आणि तिच्या पायाशी फोडलेला नारळ. मागणं एकच: बांध राख. बांधाला खांड पडली की खारं पाणी भातशेतीत शिरतं, आणि मग ती जमीन किती वर्षं रुसून बसेल त्याचा भरवसा नसतो. दादांचे वडील हे करायचे, त्यांचेही वडील करायचे. मी करीन की नाही याबद्दल दादांना शंका होती, कारण मला वल्हवता येत नाही. माझ्या हाती वल्हं दिलं की होडी गोल फिरते.

मग गावात बातमी आली की खाडीचा मार्ग रुंद करायचा आहे. पुढे नवी जेट्टी होणार, मोठाले बार्ज जाणार, आणि बेट मधे येतंय. बेट कापणार.

गावात कुणी फार हललं नाही. बेटावर कुणाचं पीक नव्हतं, कुणाचा सातबारा नव्हता. पोरांना जेट्टीवर काम लागेल अशी आशा होती, आणि ती चुकीची आहे असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार? मी स्वतः कंपनीच्या बसची वाट बघत जगलो. फक्त दादा जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "माझ्यामागं काय करायचं ते करा. मी हाय तोवर राहू दे की." जन्मात त्यांनी आमच्याकडे दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

घरात शिकलेला मी, म्हणजे आयटीआय. तेव्हा काहीतरी करायची पाळी माझ्यावर आली. माझी मुलगी रोह्याला कॉलेजात जाते. तिच्या शिक्षिकेच्या ओळखीत जुन्या दगडांचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम होत्या. फोनवर मी होड्यांचं वर्णन केलं तेव्हा त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाल्या, "खाडीतल्या बेटावर? होड्या आहेत, नक्की? मी येते. खरंच तसं असेल तर काम थांबवा म्हणून सांगायला काहीतरी हातात येईल."

हे मी दादांना सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांनी दाढी केली.

आता इथे आमच्या धंद्याचा एक नियम सांगायला हवा. गिऱ्हाईक शेडच्या दारात यायच्या आधी भंगलेला माल एकतर मागं न्यायचा, नाहीतर दुरुस्त करायचा. कान तुटला, बोट उडालं, कुठे चीर गेली, की प्लॅस्टरमध्ये काथ्या कालवून भरायचं, घासायचं, प्राइमर मारायचा, रंग द्यायचा. भंगलेली मूर्ती माणसाच्या नजरेला पडू द्यायची नाही. हा नियम आमच्या अंगात इतका मुरलाय की आई फुटक्या कपातून पाहुण्याला चहा देईल, पण शेडमध्ये नखाएवढा टवका उडालेला उंदीर ठेवू देणार नाही.

मॅडम रविवारी येणार होत्या. शनिवारी सकाळी मी पोचलो तर होडीत प्लॅस्टरची गोणी, काथ्या, रंगाचे डबे, ब्रश.

"हे कशाला?" मी विचारलं.

भाऊ म्हणाला, "होड्यांच्या कडा पार झिजल्यात. मॅडमला दिसणार काय, कप्पाळ? इतक्या लांबून येणार बाई."

"अरे, पण त्यांना जुनं बघायचंय."

"जुनं बघायचंय ना?" दादा म्हणाले. "जुनं म्हंजे भंगलेलं नव्हं. जुनं नीट दिसाया नको?"

मला हे पटलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे नातेवाईकांत अशी गोष्ट पसरली की शहाणा थोरला आला असता तर थांबवलं असतं. शहाणा थोरला तिथेच होता आणि गोणी त्यानंच उचलून नेली.

दिवसभर आम्ही तिघांनी जीव ओतून काम केलं. भाऊ साच्याचा माणूस, त्याचा हात मोकळा सुटला. झिजलेल्या होड्यांना त्यानं काठ दिले, वल्ही दिली, प्रत्येक होडीवर एक झेंडा दिला. आडव्या पडलेल्या वीराला सिरियलमधल्या देवासारखी छाती दिली, पोटाला सिक्स पॅक दिले, मिशी दिली. "मेलेला हाय ना तो?" मी विचारलं. "म्हणून काय झालं? तब्येतीचा असंल," भाऊ म्हणाला. लाटांना निळा, होड्यांना सोनेरी. बायला नाक आलं, ओठ आले, नथ आली, हिरवी साडी आली.

मग डोळे राहिले. दादा ब्रश घेऊन तिच्यासमोर बसले. मागच्या हंगामापासून त्यांचा हात थरथरतो. मोठ्या मूर्तींचे डोळे आम्ही बाहेरच्या माणसाकडून आखून घेतो, आणि घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. दादांनी उजव्या हाताचं मनगट डाव्यानं धरलं. ब्रश बायच्या कपाळापर्यंत गेला आणि तिथेच हलत राहिला. थोड्या वेळानं त्यांनी तो माझ्याकडे दिला. "घे. डोळ्यात जीव आण, घाई नको करू."

एवढी मोठी मूर्ती मला पहिल्यांदाच मिळाली होती. मी श्वास रोखून डोळे काढले. मागे सरून बघितलं तर एक डोळा आमच्या बांधाकडे, दुसरा पलीकडच्या काठाकडे. भाऊ दुसरीकडे तोंड करून खोकला. दादांनी आधी आमच्या बांधाकडे बघितलं, मग पलीकडे, आणि म्हणाले, "चालंल. दोन्ही गावं राखायचीत तिला."

इतकं चांगलं ते माझ्या कामाबद्दल कधी बोलले नव्हते.

रविवारी मॅडम आल्या. वयानं माझ्याएवढ्या, पायात जाड बूट, पाठीला सॅक. त्या म्हणाल्या, "ओहोटी आहे, लगेच निघू या का?" आईनं ते ऐकून घेतलं आणि केळीचं पान मांडलं. पाहुणीला उपाशी होडीत बसवायचं म्हणजे काय? शिवाय वालाच्या शेंगांचा हंगाम, अंगणात पोपटी लावलेली, म्हणजे शेंगा आणि अंडी मडक्यात भरून विस्तवात भाजायला ठेवलेली. मडकं उघडेपर्यंत वेळ गेला, शेंगा सोलण्यात गेला, "घ्या गो बाय, एवढ्यानं काय होतंय" यात गेला. मॅडम घड्याळाकडे बघायच्या आणि आई त्यांच्या पानात अंडं टाकायची. आम्ही निघालो तेव्हा पाणी चढायला लागलं होतं आणि पायऱ्या बुडाल्या होत्या.

होडी सोंडेच्या आत वळली. दादांनी दावं भोकात ओवलं. मॅडम वाकून त्या भोकाची कड बघत राहिल्या, बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की दादांनी माझ्याकडे बघून मान उडवली. मग मॅडमनी वर उंचवट्याकडे बघितलं.

उन्हात सोनेरी रंग फार चमकतो.

"हे देऊळ नवीन बांधताय का?" त्यांनी विचारलं.

"नवीन नाय हो! लय जुनं," दादा म्हणाले. "आमच्या आज्याच्या आज्याला ठाऊक नाय इतकं."

"मग मूळ दगड कुठे आहेत? होड्यांचे?"

"हे काय समोर. जपून, हात नका लावू. अजून ओलं हाय."

मॅडम चिखलातच बसल्या. बूट, पँट, कशाचाही विचार न करता. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान दादांना कळलं असतं. ते उत्साहानं सांगत होते, कुठे काय भरलं, कुठला भाग मुळात कसा होता, वीराची मिशी भावाच्या मनाची आहे पण बाकी सगळं जसंच्या तसं. सांगता सांगता त्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला. गिऱ्हाईकाचा चेहरा वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"काय चुकलं का, मॅडम?"

त्या उठून दगडाच्या मागच्या बाजूला गेल्या. मागे आम्ही रंग दिला नव्हता. मूर्तीची पाठ कोण बघतं? त्यांनी तळहात टेकवला. "दगड जुना आहे," त्या म्हणाल्या. "पण दगड सगळेच जुने असतात, बाबा. त्याच्यावर माणसानं काय केलं तेवढंच मला दाखवता येतं. आता हे मी कुणाला दाखवलं तर ते म्हणतील, परवा केलंय." मग माझ्याकडे वळून, "आधीचे फोटो तरी असतील ना?"

फोटो होते. मी फोन काढला. दरवर्षीचे, शिमग्यानंतरचे. सगळ्यांत बाय साडीत गुंडाळलेली आणि हारांनी झाकलेली. होड्यांच्या दगडापुढे आम्ही सगळे ओळीनं हसत उभे. एका फोटोत दगडाचा वरचा काठ दिसत होता. खाली, जिथे होड्या असायला हव्या होत्या, तिथे माझं पोट होतं. मॅडमनी फोटो मोठा करून बघितला, पोटाच्या दोन्ही बाजूंनी बघितला, आणि फोन परत दिला.

"पायऱ्या?" त्यांनी विचारलं.

"त्या पाण्याखाली," भाऊ म्हणाला. पोपटीचं नाव कुणी काढलं नाही.

मॅडम भोकाच्या दगडाचे फोटो घेऊन गेल्या, पुन्हा येईन म्हणाल्या, प्रयत्न करीन म्हणाल्या. तो त्यांनी केलाही असणार. पण भोक पाडलेल्या एका दगडासाठी खाडी थांबत नाही. जाताना त्यांनी बजावलं, रंग खरवडू नका, हात लावू नका, त्याची वेगळी माणसं असतात. ती माणसं कधी येतील असं दादांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही."

दादांना दम धरवला नाही. पुढच्या सुट्टीला ते म्हणाले, "आपणच भरलंय, आपणच काढू." ओली गोणपाटं गुंडाळून आम्ही प्लॅस्टर भिजवलं. भावानं होडीच्या कडेला पटाशी लावली, अगदी हलक्या हातानं. प्लॅस्टरचा मोठा पोपडा सुटून त्याच्या हातात आला आणि खाली दगड सपाट दिसला. मिठानं आतून पोखरलेला दगड, त्याची वरची साल पोपड्याबरोबर सुटली आणि भुगा होऊन खाली सांडली होती. भावानं पोपडा उलटा केला. आतल्या बाजूला होड्या होत्या. उलट्या, खोलगट, एकेका वल्ह्यासकट, आम्ही कधी दगडावर बघितल्या नव्हत्या इतक्या स्वच्छ.

"दादा, साचा झाला!" भाऊ उड्या मारायच्या बेतात होता. "यात भरून काढू की परत. हव्या तेवढ्या."

दादांनी तो पोपडा हातात घेतला. "काढशील. मंग तो आपला माल झाला."

बायला त्यांनी पटाशी लावू दिली नाही. "तिचं तोंड तरी राहू दे," म्हणाले. त्या दिवशी परतताना भाऊ वल्हवत होता, दादा पोपडा मांडीवर घेऊन बसले होते, आणि मी नेहमीप्रमाणे पाणी उपसत होतो.

पावसाळ्यानंतर खाडीत मशिनं आली. त्याआधी गावानं बायला उचलून आणलं आणि बांधावर पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. मशिनांचा आवाज आमच्या कारखान्यात दिवसभर यायचा. दादा रेडिओ मोठा करायचे. आधी उंचवटा गेला, मग सोंडेचं टोक. मी शिफ्टमुळे अधूनमधून यायचो, त्यामुळे मला ते टप्प्याटप्प्यानं दिसलं. दरवेळी बांधावर जाऊन बघायचं आणि घरी येऊन "हाय अजून थोडं" असं सांगायचं. एकदा आलो तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

यंदा शिमगा झाल्यावर दादा सकाळी तयार होऊन बसले. साडी, भाताचा गोळा, नारळ. भाऊ ऑर्डरीच्या गडबडीत होता. "तू चल," मला म्हणाले.

"कुठं?"

"दरसाल कुठं जातो?"

आई दारात आली. "अवो, बाय तर बांधावर बसवलीय. तिच्यापुढंच ठेवा की नारळ."

"ती आता आपल्या दारात, आपल्या पत्र्याखाली बसलीय गो," दादा म्हणाले. "तिला कंच्या तोंडानं सांगू बांध राख म्हणून?"

मी वल्हवायला बसलो. होडी एकदा गोल फिरली, मग कशीबशी मार्गाला लागली. पाणी सपाट, तपकिरी, ओळखीची एक खूण नाही. दादा पुढे बसून सांगत होते, "डावीकडं घे. आता सोंड येईल. आत वळव. हळू, इथं उथळ हाय." मी उथळ नसलेल्या पाण्यातून हळू गेलो, नसलेल्या सोंडेच्या आतून वळलो. आयुष्यात पहिल्यांदा माझी होडी सांगितल्यासारखी वळली. मग ते म्हणाले, "थांब." आणि दाव्याचं टोक हातात घेऊन उभे राहिले.

उभेच राहिले. होडी हळूहळू वाहत चालली होती, आणि ते हात पुढे करून, दावं ओवायच्या तयारीत, पाण्याकडे बघत होते. लांबून बार्जचा भोंगा झाला. मी म्हणालो, "दादा, बसा. मोठी लाट येईल." ते बसले. भात त्यांनी पाण्यात सोडला, साडी सोडली. साडी जरा वेळ फुगून तरंगली. नारळ हातात घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा पिशवीत ठेवला.

"वल्हव," म्हणाले. "यवढं तरी धड कर."

घरी आल्यावर आईनं पिशवी उघडली. "नारळ तसाच आणला?"

"फोडायला दगड नव्हता."

नारळाची चटणी करायची आईला छाती झाली नाही आणि टाकवतही नव्हता. तिनं तो कारखान्यातल्या फळीवर ठेवला, त्या होड्यांच्या पोपड्याशेजारी. पोपड्याला दमट हवेनं भुरा चढलाय, कडेची एक-दोन वल्ही गळून पडलीत. त्यात अजून कुणी काही भरलेलं नाही. पाऊस लागल्यापासून उधाणाच्या दिवसांत दादा बांधाला कुठे खांड पडलीय का ते बघून येतात. सुट्टीला गेलो की मी पॉलिश पेपर घ्यायच्या आधी तो नारळ हलवून बघतो. सुरुवातीला आत पाणी वाजायचं. परवा हलवला, तर वाजलं नाही.